अडलेली गाय सोडवताना

दिसणारे दोन पाय धरून ओढायला लागावं, ही अडलेल्या गाईजवळ पोचल्यावर येणारी पहिली ऊर्मी. मांसल जातीच्या कळपात जी वासरं जन्मताना हातची जातात, त्यातली बरीच या ऊर्मीमुळे जातात. उरलेली जातात तिच्या उलट चुकीमुळे: "होईल मोकळी, अजून थोडं थांबू" म्हणत रात्र काढल्याने. म्हणून विणीच्या मोसमात आम्ही दोन गोष्टींवर भिस्त ठेवतो, घड्याळ आणि हात. आत हात कधी घालायचा ते घड्याळावरून ठरतं. ओढायचं की नाही ते आत गेलेला हात ठरवतो.

दुधाच्या गोठ्यातली गाय रोज दोन वेळा माणसाच्या हाताखालून जाते. मांसासाठी पाळलेली गाय कुरणावर मोकळी असते, वेण लागली की कळप सोडून लांब कोपरा गाठते आणि माणूस जवळ आला की उठून चालू लागते. त्यात वासरू खांद्यांना आणि पुठ्ठ्यांना भरलेलं. शॅरोलेसारख्या मोठ्या हाडाच्या जातीचा बैल लहान चणीच्या कालवडीवर सोडला तर काय होईल हे आधीच सांगता येतं. बेल्जियन ब्लू या दुहेरी स्नायूंच्या जातीत तर बहुतेक वासरं शस्त्रक्रियेनेच काढावी लागतात.

गाभणकाळ सरासरी 283 दिवसांचा. अँगस जातीची गाय थोडी आधी विते, लिमोझीन आणि ब्राह्मण जातींच्या गाई काही दिवस उशिरा. तारखेपेक्षा अंग बघणं जास्त उपयोगाचं असतं: कास तटतटते, सडांवर तुकतुकी येते, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजून लोंबते आणि शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंचे बंध सैल पडून तिथे खड्डे दिसतात. मग पहिला टप्पा. गाय बाजूला होते, शेपटी उचलून धरते, उठबस करते, मागे वळून कुशीकडे बघते. आत या वेळी गर्भाशयाचं तोंड उघडत असतं. जुन्या गाईत हे 2 ते 6 तास चालतं, पहिलारूत 12 तासही लागू शकतात. या काळात लांबूनच बघावं. सारखं जवळ जाऊन तिला उठवलं, तर ती कळा आवरून धरते आणि सगळंच लांबतं.

पाणमोट (गर्भजलाची पिशवी) किंवा खूर दिसला की दुसरा टप्पा सुरू झाला, आणि ती वेळ लिहून ठेवायची. डोक्यात ठेवलेली वेळ हमखास चुकते. रात्री दोनदा फेरी मारणाऱ्या माणसाला "मघाशी" म्हणजे वीस मिनिटं की दीड तास, हे सांगता येत नाही. जुन्या गाईने पाणमोट दिसल्यापासून अर्धा तास जोर करूनही पुढे काही सरकलं नाही, किंवा पहिलारूने तासभर, तर हात घालून बघायचंच. दर पंधरा-वीस मिनिटांनी आधीपेक्षा थोडं जास्त बाहेर दिसत असेल, तर लांब राहायचं.

काही वेळा घड्याळाची वाट बघायची नसते. खुरांचे तळवे आभाळाकडे आहेत. फक्त शेपटी दिसते आहे. डोकं आलंय पण पाय एकच आहे, किंवा एकही नाही. वासराची जीभ सुजून निळी पडली आहे. पाणी पिवळट-तपकिरी आहे, म्हणजे आत गुदमरणाऱ्या वासराने विष्ठा सोडली आहे. स्रावाला कुजका वास आहे. आणि एक सहज निसटणारी खूण: जुनी गाय सात-आठ तास बेचैन आहे, पण पाणमोटच दिसत नाही. जोर नाही म्हणून माणसं ती गाय सोडून देतात. नेमकी तिथेच पायाळू (मागच्या बाजूने येणारं) अडकलेलं वासरू किंवा पीळ पडलेलं गर्भाशय सापडतं.

रात्रीच्या वेणांबद्दल इथेच सांगून टाकतो. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातले पशुपालक गस कोनेफाल यांनी गाईंना दुपारी आणि मग थेट रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास चारा द्यायला सुरुवात केली आणि बहुतेक गाई दिवसाउजेडी विऊ लागल्या. संध्याकाळी उशिरा चारा टाकण्याची पद्धत त्यावरूनच पसरली. मोसमाच्या आधी महिनाभर सुरू केली तर फरक जाणवतो. रात्रीची फेरी मात्र त्याने सुटत नाही.

सामान मोसमाआधी एका झाकणाच्या बादलीत भरून ठेवायचं: खांद्यापर्यंतचे हातमोजे, 150 सेंटिमीटरची प्रसूतीची साखळी (किंवा 75 सेंटिमीटरच्या दोन), दोन हुक, डोक्याचा फास, पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीन, वंगणाचं जेल, वंगण आत सोडायची नळी आणि पंप, टॉवेल, बॅटरी, नाळेसाठी 7 टक्के टिंक्चर आयोडीन, चीक पाजायची नळी. साखळी दोरीपेक्षा बरी, कारण ती उकळून स्वच्छ करता येते. डॉक्टरांचा नंबर बादलीच्या झाकणावरच लिहिलेला असावा. हातमोजे फक्त गाईसाठी नसतात. ब्रुसेला, लेप्टोस्पायरा, क्यू फिव्हर अशा रोगांची लागण गर्भजलातून माणसाला होऊ शकते, आणि गरोदर बाईने या कामात अजिबात हात घालू नये.

गाय कुठे धरायची, यावर निम्मं काम अवलंबून असतं. खोड्यात (गाय उभी अडकवून धरायच्या पिंजऱ्यात) घ्यायची तर दोन्ही बाजू पूर्ण उघडता यायला हव्यात आणि मानेची अडण उभ्या सरळ दांड्यांची हवी, कारण ओढताना गाय खाली बसतेच, आणि वक्र अडणीत बसलेली गाय गळा आवळून मरते. खोडा तसा नसेल तर फक्त तपासण्यापुरता वापरायचा. त्यापेक्षा म्होरकी घालून खांबाच्या अगदी खालच्या भागाला, एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधणं आम्हाला जास्त पसंत आहे. शेपटी बांधायची ती गाईच्याच गळ्यातल्या दोराला. खांबाला बांधली आणि गाय बसली, तर शेपटीचं हाड मोडतं.

निरण आणि आजूबाजूचा भाग कोमट पाण्याने, जंतुनाशकाने, पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुवायचा. भांडी घासायचा साबण वंगण म्हणून वापरणं ही सगळीकडे आढळणारी चूक आहे. तो मार्गाचा नैसर्गिक बुळबुळीतपणा धुऊन नेतो आणि दहा मिनिटांत आत सँडपेपर झालेला असतो. जेल भरपूर घ्यावं. पाणमोट फुटून दोन-तीन तास झाले असतील तर नळीने 2 ते 4 लिटर कोमट जेल वासराच्या भोवती सोडावं लागतं. पाण्यात कालवून बुळबुळीत होणारी पॉलिमरची पूड स्वस्त आणि सोयीची वाटते, पण शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर ती वापरायची नाही. पोटाच्या पोकळीत ती गेली की गाय वाचत नाही.

आता हात. बोटं जुळवून चोचीसारखी करायची आणि दोन कळांच्या मधे आत सरकवायची. आधी वासराला नाही, मार्गालाच चाचपायचं. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं असेल तर हाताला कुठे कड लागत नाही, मार्ग आणि गर्भाशय सलग वाटतं. चार बोटं अडतील अशी घट्ट कड लागली तर तिथून ओढायचं नाही, कारण कड फाटली की रक्त थांबवणं कठीण. पहिला टप्पा अजून चालू आहे, की तोंड उघडायचं थांबलं आहे, हे डॉक्टरांनी बघावं. मार्ग आत जाता जाता स्क्रूसारखा वळलेला लागला, हाताला तिरप्या घड्या जाणवल्या, तर गर्भाशयाला पीळ आहे. तोही डॉक्टरच काढतात, आतून वासराला झोके देऊन किंवा गाईला आडवी करून, कुशीवर फळी दाबून, पिळाच्या दिशेने लोळवून. चुकीच्या दिशेने लोळवली तर पीळ वाढतो, म्हणून अंदाजाने लोळवायला जाऊ नये.

मार्ग मोकळा असेल तर वासरू. हाताला लागलेला पाय पुढचा की मागचा, हे तळव्याच्या दिशेवरून ठरवू नये, सांध्यांवरून ठरवावं. खुराच्या वरचा पहिला सांधा, म्हणजे घोटा, ज्या दिशेला वाकतो त्याच दिशेला त्यावरचा सांधाही वाकत असेल तर तो गुडघा आणि पाय पुढचा. दोन सांधे उलट दिशांना वाकतात आणि वरच्या सांध्याला मागे टोकदार हाड लागतं, तर ती टाच, आणि पाय मागचा. मग तो पाय वर छातीपर्यंत किंवा पुठ्ठ्यापर्यंत चाचपत न्यायचा, तिथून आडवं जाऊन दुसऱ्या पायावर खाली यायचं. दोन्ही पाय एकाच धडाचे आहेत याची खात्री झाल्याशिवाय साखळी लावायची नाही. जुळं असलं की एक पाय याचा, एक त्याचा, असं सहज होतं, आणि दोन वासरं एकदम चौकटीत (गाईच्या कमरेच्या हाडांच्या कड्यात) ओढली जातात.

जिवंत आहे का, ते खुरांच्या बेचक्यात जोरात चिमटा काढून बघतो, तोंडात बोट घालून चोखतं का बघतो, पापणीवरून डोळ्यावर हलका दाब देतो. पायाळू वासराच्या गुदद्वारात बोट घातलं तर ते आवळतं, आणि नाळेला हात पोचला तर ठोके लागतात. प्रतिसाद मिळाला म्हणजे जिवंत आहे. प्रतिसाद नाही म्हणजे मेलेलं आहे, असं मात्र नसतं. चौकटीत घट्ट बसलेलं थकलेलं वासरू पाय ओढून घेत नाही. शंका असेल तोवर ते जिवंत आहे असं धरूनच काम करायचं.

शेवटचा प्रश्न: मावेल का? सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय इथे होतात. पाय एकमेकांवर फुली होऊन आले असतील तर खांदे चौकटीत दाबले जात आहेत आणि वासरू मोठं आहे, असा संशय घ्यायचा. वासराचं कपाळ आणि गाईच्या चौकटीचं छत यांच्यामध्ये सपाट हात सरकायला हवा. डोकं चौकटीत शिरतच नसेल आणि कळ आली की मागे वळत असेल, तर ओढून ते शिरणार नाही. ते शिरलं असेल तर चाचणीसाठी दोन माणसांनी हाताने, एकेक पाय आळीपाळीने, कळेबरोबर ओढून बघायचं. दोन्ही घोटे निरणाच्या बाहेर हाताच्या पंजाएवढे, साधारण 10 सेंटिमीटर आले, तर खांदे चौकटीत शिरले आहेत, वासरू या वाटेने येईल. आले नाहीत तर शस्त्रक्रिया. पायाळू वासरात खूण वेगळी: त्याला थोडं फिरवून दोन माणसांच्या ओढीने दोन्ही टाचा निरणाच्या बाहेर आल्या, तर पुठ्ठा बसतो आहे.

गाय स्वतः कळ देते तेव्हा तिचा जोर सुमारे 70 किलोच्या ओढीइतका असतो. वासरू ओढायच्या यंत्राचा, ज्याला सगळे जॅक म्हणतात, सुमारे 900 किलोपर्यंत जातो. या दोन आकड्यांमधल्या अंतरात वासराच्या बरगड्या, पायाची हाडं आणि गाईच्या पायांच्या नसा मोडतात. जॅक वापरू नये असं आमचं म्हणणं नाही; एकटा माणूस असला की त्याचाच आधार असतो. पण दोन माणसांच्या ताकदीने जे सरकत नाही, ते सरकवण्यासाठी तो नाही.

वासरू वेडंवाकडं असेल तर आधी सरळ करायचं, आणि त्यासाठी जागा करावी लागते. चौकटीत जागा नसते, ती गर्भाशयात असते. म्हणून वासराला कपाळावर, छातीवर किंवा पुठ्ठ्यावर तळहात टेकून, दोन कळांच्या मधल्या उसंतीत मागे ढकलायचं. कळ आली की हात नुसता धरून ठेवायचा. कळेविरुद्ध ढकललं तर गर्भाशय फाटतं. गाय फारच जोर करत असेल तर डॉक्टर शेपटीच्या मणक्यात भूल देतात आणि मग ते अर्धा तास शांतपणे काम करू शकतात. वासरू सरळ व्हायच्या आधी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देणं हा मात्र सरळ घात आहे. गर्भाशय आवळतं आणि होती ती जागाही जाते.

एक पाय गुडघ्यात दुमडून मागे राहिला असेल तर गुडघा वर आणि बाहेरच्या बाजूला ढकलायचा, दुसऱ्या हाताने खूर मुठीत पूर्ण झाकायचं आणि आत, मध्याकडे वळवत पुढे आणायचं. मुठीतलं खूर हीच सगळी काळजी. उघडं खूर गर्भाशयाला आतून चिरतं. पाय मुळापासून मागे गेला असेल तर आधी त्याला गुडघ्यात वाकवून आणायचं, मग वरचीच रीत.

डोकं मागे वळलेलं असणं जास्त त्रासाचं. दोन पाय दिसतात, सगळं ठीक वाटतं, ओढलं की डोकं कुशीकडे आणखी वळतं. हात मानेवरून पुढे नेऊन कान, मग डोळ्याची खोबण, मग तोंडाचा कोपरा सापडतो. डोळ्याच्या खोबणीत अंगठा आणि मधलं बोट रोवून किंवा तोंडाच्या कोपऱ्यात बोट अडकवून, छाती मागे दाबत, डोकं वळवायचं. फास लावायचा तो दोन्ही कानांच्या मागून आणि तोंडातून. खालच्या जबड्याला बांधून जोर लावला तर जबडा मोडतो. आणि फासाने डोकं फक्त वळवायचं असतं. वासरू ओढायचं ते पायांनीच.

शेपटी पुढे आणि दोन्ही मागचे पाय पोटाखाली, ही स्थिती फसवी आहे. चौकटीत काहीच शिरत नाही म्हणून गाय जोरच देत नाही, आणि माणसं "अजून वेळ आहे" म्हणत राहतात. पुठ्ठा पुढे ढकलायचा, टाच धरून वर ओढायची, मग टाच बाहेरच्या बाजूला आणि खूर आतल्या बाजूला अशी फिरवत, खूर मुठीत झाकून, पाय चौकटीच्या कडेवरून उचलून आणायचा. टाच बाहेर, खूर आत, हे पाठच करून ठेवावं. मग दुसरा पाय. हे काम हाताची लांबी आणि दम दोन्ही मागतं. लहान चणीच्या पहिलारूत ते न झेपलं तर त्यात कमीपणा नाही, डॉक्टरांना बोलवावं.

सगळं सरळ झालं की साखळी. घोट्याच्या वर एक फास आणि घोट्याच्या खाली, खुराच्या वर, साधा वेढा, असा दुहेरी. एकच फास वर लावला तर सगळा ताण हाडाच्या एका रेषेवर येऊन पाय मोडतो, एकच फास खाली लावला तर खूर सोलून निघतं. शक्य असेल तर गाईला आता उजव्या कुशीवर आडवी करायची. आडव्या गाईची चौकट जास्त उघडते आणि ती पूर्ण जोर देऊ शकते.

ओढायचं ते कळेबरोबरच. कळ थांबली की सैल. आळीपाळीने, एक पाय थोडा पुढे, मग दुसरा, म्हणजे खांदे एकदम न अडकता एकामागून एक चौकटीतून चालत येतात. एक माणूस हात आणि जेल घेऊन निरणाच्या कडा कपाळावरून मागे सरकवत राहतो. पहिलारूत या दहा मिनिटांच्या ताणण्याने फाटणं टळतं. डोकं आणि खांदे बाहेर येईपर्यंत ओढ सरळ मागे, त्यानंतर खाली, गाईच्या टाचांच्या दिशेने. छाती बाहेर आली की थांबायचं. नाक-तोंड पुसायचं, वासराला दोन श्वास घेऊ द्यायचे. इथे घाई करण्यासारखं काही नसतं, आणि पुढचा अडसर इथेच येतो.

तो अडसर म्हणजे पुठ्ठा. गाईच्या चौकटीचं तोंड उभं लंबगोल, वासराचा पुठ्ठा आडवा रुंद. म्हणून छाती बाहेर येताच वासराला पाव फेरा फिरवायचा, त्याचं पोट गाईच्या कुशीकडे येईल असा. पुढचे पाय एकमेकांवर ओलांडून, छातीला मिठी घालून पिळलं की फिरतं. फिरत नसेल तर थोडं मागे ढकलून जेल घालून पुन्हा. न फिरवता जॅक दाबत राहिल्याने पुठ्ठे अडकतात, आणि गाईच्या मांड्यांच्या नसा चेपून तिचे मागचे पाय फाकतात.

पायाळू वासराचं वेळापत्रक उलटं असतं. शेपटीचं मूळ बाहेर येईपर्यंत सावकाश, थोडं फिरवून, सरळ मागे आणि किंचित वर. पुठ्ठा बाहेर पडला की नाळ चौकटीच्या कडेवर दाबली जाते आणि डोकं अजून आत पाण्यात असतं. आता तीन-चार मिनिटं मिळतात. म्हणून पुठ्ठा बाहेर यायच्या आधीच सगळी तयारी हवी, जेल आत हवं, माणसं जागेवर हवीत, आणि मग न थांबता काढायचं.

वीस मिनिटं हाताने काम करून काहीच पुढे गेलं नाही, तर थांबायचं. हा नियम आम्ही मोडत नाही. तासभर आत हात फिरवलेलं गर्भाशय सुजतं, कोरडं पडतं, आणि मग डावी कूस उघडून वासरू काढायची वेळ आली तरी गाय आणि वासरू दोघांची आशा कमी झालेली असते. डॉक्टरांना ताजी केस मिळाली तर गाय उभी असतानाच, जागेवर भूल देऊन, ही शस्त्रक्रिया होते आणि गाय पुन्हा गाभणही राहते. वासरू नक्की मेलेलं असेल तर डॉक्टर तारेच्या करवतीने ते आतच कापून तुकड्यांनी काढतात. ऐकायला भीषण वाटतं, पण मेलेल्या वासरासाठी गाईची कूस चिरण्यापेक्षा बरेचदा तेच बरं.

वासरू जमिनीवर आलं की त्याला छातीवर बसतं करायचं, मागचे पाय दोन्ही बाजूंनी पुढे ओढून. अशाने दोन्ही फुप्फुसं फुलतात. उलटं टांगण्याची जुनी सवय सोडून द्यावी. तेव्हा तोंडातून गळतं ते बहुतेक पोटातलं पाणी असतं, आणि पोटाचं वजन श्वासाच्या पडद्यावर येऊन श्वास आणखी अडतो. नाकपुडीत स्वच्छ काडी फिरवायची, कानात आणि डोक्यावर गार पाण्याचा शिपका मारायचा, टॉवेलने खसाखसा चोळायचं. मिनिटभरात श्वास लागायला हवा. पंधरा मिनिटांत स्वतः छातीवर डोकं सावरून बसलं नाही, तर त्या वासरावर पुढचे दोन दिवस नजर ठेवावी लागते. नाळेचा देठ टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवायचा.

सुदृढ वासरू तासाभरात उभं राहतं आणि दोन तासांत सड धरतं. ओढून काढलेलं वासरू बरेचदा हे करत नाही. जीभ सुजलेली, मान दुखावलेली, रक्तात आम्ल साचलेलं. त्याची वाट बघत बसलं तर चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून शोषली जाण्याची वेळ निघून जाते. ती क्षमता पहिल्या सहा तासांत भरपूर असते आणि 24 तासांत जवळपास संपते. 40 किलोच्या वासराला पहिल्या चार तासांत किमान 2 लिटर चीक आणि 12 तासांच्या आत पुन्हा तेवढाच. चोखत नसेल तर नळीने. नळी मानेच्या डाव्या बाजूने अन्ननलिकेत उतरलेली बोटांना लागते, श्वासनलिकेशेजारी दुसरी नळी असल्यासारखी. दोन नळ्या हाताला लागल्याशिवाय चीक सोडायचा नाही. गोठवलेला चीक 50 अंशांच्या आतल्या पाण्यात पिशवी ठेवून वितळवायचा. उकळत्या पाण्याने तो नासतो.

आता गाय. हात धुऊन पुन्हा एकदा आत घालायचा: दुसरं वासरू आहे का, कुठे फाटलंय का, धार लागल्यासारखं रक्त आहे का. धार असेल तर स्वच्छ टॉवेल दाबून धरायचा आणि डॉक्टर. काही नसेल तर गाईला लगेच उठवायचं, कारण उभी राहिली की गर्भाशय खाली पोटात उतरतं आणि मायांग (उलटलेलं गर्भाशय) बाहेर पडण्याचा धोका कमी होतो. कोमट पाणी पुढे ठेवलं की वीस-तीस लिटर सहज पिते. मायांग बाहेर पडलंच तर तिला हलवायचं नाही, बाहेरचा गोळा स्वच्छ ओल्या चादरीत धरून ठेवायचा आणि डॉक्टर येईपर्यंत सोडायचा नाही; ते लोंबत ठेवून गाय चालली की आतली मोठी रक्तवाहिनी तुटते. पाय फाकत असतील तर न घसरणाऱ्या जमिनीवर न्यायचं आणि दोन्ही मागचे पाय मऊ पट्ट्याने हातभर अंतर ठेवून जोडायचे.

वार (गर्भाभोवतीचं आवरण) बारा तासांत पडते. नाही पडली तर ओढायची नाही, वजनही बांधायचं नाही. ताप आणि खाणं बघायचं, ताप आला तर उपचार. गाय-वासरू लहान कुंपणात एकटे ठेवायचे. कठीण विलेली पहिलारू कधी वासराकडे ढुंकून बघत नाही, तेव्हा गर्भजलाने माखलेलं वासरू तिच्या नाकाशी नेऊन ठेवावं. एरवी शांत असलेली गाय या वेळी अंगावर येते. गाय आणि वासरू यांच्या मधे उभं राहायचं नाही, आणि फाटक पाठीशी उघडं असावं.

अडणारी वेतं कमी करायची तर ते काम नऊ महिने आधीचं. कालवडीवर सोडायचा बैल सुलभ प्रसूतीच्या मूल्यांकनावर निवडायचा. तो नुसता देखणा आणि भरदार असून चालत नाही. कालवड पूर्ण वाढीच्या वजनाच्या 65 टक्के झाल्यावर फळवायची (गाभण करायची) आणि विताना ती 85 टक्क्यांच्या आसपास असावी. अंग किती भरलेलं आहे ते मोजणाऱ्या 1 ते 9 च्या मापात तिला 5 ते 6 वर ठेवायची. शेवटच्या महिन्यात चारा तोडून वासरू लहान ठेवायचा उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने वेण सोपी होत नाही. फक्त गाय दम सोडते, चीक कमी येतो आणि वासरू मरतुकडं निघतं. चौकट मोजून अगदी अरुंद कालवडी बाद करता येतात, पण मोजमापाकडून त्याहून जास्त अपेक्षा करू नये, कारण रुंद चौकटीच्या कालवडीचं वासरूही मोठं असतं.

प्रत्येक वेतापुढे आकडा लिहायचा: आपोआप विली 1, हलकी मदत 2, जोराची ओढ किंवा जॅक 3, शस्त्रक्रिया 4, वासराची स्थिती चुकलेली 5. शेजारी बैलाचा नंबर. 5 लागलेली गाय आम्ही काढत नाही, डोकं मागे वळलं यात तिच्या शरीराचा दोष क्वचितच असतो. लहान वासरालाही 3 लागलेली अरुंद गाय वासराचं दूध तुटल्यावर कळपातून जाते, आणि एकाच बैलाच्या नंबरापुढे कालवडींच्या रकान्यात 3 साचू लागले की तो बैल पुढच्या मोसमात फक्त जुन्या गाईंवर सोडायचा.